चिखल बघून जा, क्लाइव्ह

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. हसू नका. छत्री, फळा, झाडू यांची कहाणी तुम्ही गपगुमान ऐकता, मग मीच काय घोडं मारलंय? मला हातपाय नाहीत, पण काम आहे. कुठल्या बंदरात भरती कधी, ओहोटी कधी, पाणी किती खोल, हे मी सांगतो.

माझा जन्म टास्मानियातल्या डोव्हर गावचा, आणि तो झाला चिखलामुळे. ग्लेनिसबाई तिथल्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा धाकटा भाऊ क्लाइव्ह बोट घेऊन शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायला जायचा. एकदा ऐन ओहोटीत तो गाळात असा रुतला, की धक्क्यावरच्या लोकांनी चहा पीत पीत मजा बघितली. बाईंनी त्याच आठवड्यात मला लिहायला घेतलं. सगळे आकडे सांगून झाले की मी शेवटी म्हणतो, 'चिखल बघून जा, क्लाइव्ह.'

मग बाईंनी मला इंटरनेटवर उघडं ठेवलं. अगदी उघडं. कुणीही माझं पोट बघावं, चूक दिसली तर सुचवावी, वाटलं तर माझी प्रत घरी न्यावी. पैसा नको, परवानगी नको. फक्त माझ्या पोटात दुरुस्ती घालायची चावी बाईंकडे. शंका विचारायला सगळ्यांना दिसणारं एक पान होतं, आमची चावडीच म्हणा ना. तिथे फिजीचे, चिलीचे कोळी लिहायचे, 'आकडे अगदी बरोबर हो. पण हा क्लाइव्ह कोण?'

ते माझे सुखाचे दिवस.

पुढे बाई थकल्या. चावी सोपवायला माणूस हवा होता. तेव्हा वॉरिक आला. होबार्टच्या एका विमा कंपनीत प्रोग्राम लिहिता लिहिता केस पांढरे झालेला. कामात वाघ, पण सगळं आयुष्य बंद दाराआड गेलेलं. अर्धवट काम दाखवायचं नाही, आणि येत नाही हे चारचौघांत कबूल करायचं नाही, ही त्याची सवय.

बाई म्हणाल्या, "एक छोटीशी चूक दुरुस्त करून दाखव." तर हा गायबच झाला. अख्खा हिवाळा गेला. उगवला तो माझी प्रत आतून-बाहेरून नवी करून. वर तिला पासवर्ड बसवलेला! भरती बघायची तर आधी एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह टाका.

बाईंनी ती प्रत क्लाइव्हला वापरून बघायला दिली. भर पाण्यात, ओल्या हातमोज्यांनी त्याने पासवर्ड चुकवला, पुन्हा चुकवला, आणि प्रतीने त्याला बाहेरच काढलं. 'थोड्या वेळाने प्रयत्न करा.' पाणी कशाला थांबतंय? बोट गाळात जाऊन बसली.

धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "क्लाइव्ह, पासवर्ड आठवला का रे?"

"आठवला! पण तुमच्या पोरांसमोर सांगण्यासारखा नाही!"

संध्याकाळी वॉरिक बाईंच्या स्वयंपाकघरात मान खाली घालून बसला.

"बाई, तुम्ही मला आधीच का नाही अडवलंत?"

"तू दाखवलंस कधी? पहिल्याच दिवशी उघड्यावर ठेवलं असतंस, तर फिजीच्या कोळ्यानेसुद्धा सांगितलं असतं, की बाबा, हात ओले असतात."

"अर्धवट काम? जगासमोर? लोक काय म्हणतील?"

"ते ऐकायलाच तर ठेवायचं. घे, सफरचंदाचा केक खा."

गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन क्लाइव्ह दारात उभा. "ताई, बोट रुतवणाऱ्याला केक? आणि मला?"

"तू आधी पाय धू."

वॉरिक शिकला, नाही असं नाही. पण शंका आली की चावडी सोडून बाईंनाच फोन.

"तिथे विचार की रे. तुझ्यासारख्या आणखी चौघांना उत्तर मिळेल."

"नको बाई. एवढी वर्षं घासली, आता इतकं साधं कसं विचारू?"

बाईंना दया यायची. त्या सांगून टाकायच्या. ते सगळं या तोंडातून त्या कानात गेलं, मित्रांनो. चावडीवर एक अक्षर उरलं नाही.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यातूनच त्यांनी वॉरिकला माझ्या चावीचं निमंत्रण पाठवलं. त्याने फक्त एक बटण दाबायचं होतं.

"दाबलंस का रे?"

"दाबतो बाई. भरतीचं गणित पुरतं कळू दे."

"मलाही पुरतं कळलेलं नाही. दाब."

असल्या निमंत्रणाला मुदत असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्याने दाबलं तेव्हा ती उलटली होती. पुन्हा पाठवा म्हणायची त्याला लाज वाटली. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून गप्प बसला. रविवारी बाई गेल्या.

माझी चावी त्यांच्याबरोबर गेली. पुढे बंदरातला गाळ सरकला, पाण्याची खोली बदलली, आणि मी रोज ठामपणे चुकीचे आकडे सांगू लागलो. कळतं, पण सुधारता येत नाही.

वॉरिकने माझी नवी प्रत घेतली. यावेळी पहिल्याच दिवशी, अर्धवट असतानाच उघड्यावर मांडली. तिच्या चावडीवर लिहिलं, 'मी वॉरिक. प्रोग्राम लिहून म्हातारा झालो. भरतीचं गणित मला समजत नाही. कुणी शिकवेल का?'

फिजीच्या कोळ्याने उत्तर दिलं, 'मलाही नाही समजत. बसू या मिळून.'

प्रत आता छान चालते. सगळ्या बोटी तिच्यावरच जातात. त्यात ती शेवटची ओळ ठेवू का, असं वॉरिकने क्लाइव्हला विचारलं होतं.

"काढ," क्लाइव्ह म्हणाला. "ते ताई म्हणायची मला. तू नको म्हणूस."

मित्रांनो, येत नसेल तर चारचौघांत विचारा, बिनधास्त विचारा. आणि थकलेल्या हाताने कुणी चावी पुढे केली, तर आधी पुरतं शिकतो म्हणू नका. घेऊन टाका. शिकणं मागून होतं.

क्लाइव्ह अजून रोज पहाटे बोट सोडण्याआधी मला उघडतो. आकडे बघतच नाही. सरळ खाली येतो, शेवटची ओळ वाचतो, "हो गं," म्हणतो आणि मला बंद करतो. मग प्रत उघडतो आणि पाण्यात जातो.