लाल गोळ्याची जागा

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. प्रयोगशाळा झाडणाऱ्या-पुसणाऱ्या मावशींनी तसं बजावलंच होतं. पण आता राहवत नाही.

मी प्रयोगशाळेतली स्फटिकाची लाकडी प्रतिकृती बोलतेय. लाकूड कातणाऱ्या एका कातारीकाकांनी खुर्चीच्या मोडक्या पायातून माझे आठ गोळे घडवले आणि काड्यांनी जोडून माझा घन केला. सात गोळे निळे, एक लाल. लाल म्हणजे आरंभबिंदू. तिथून पुढे, उजवीकडे आणि वर असे तीन अक्ष. प्रतल कोणत्या अक्षाला किती अंतरावर छेदतं ते बघायचं, ते अंतर उलटं करायचं, म्हणजे एकाला त्याने भागायचं. जो अक्ष भेटतच नाही त्याला शून्य. झाला त्या प्रतलाचा निर्देशांक!

हळूबाईला हे तोंडपाठ आहे. ती इतकं हळू बोलते की वर्गाने तिचं नावच तसं ठेवलंय. मधल्या सुट्टीत माझ्या कडांवरून बोट फिरवत ती आकडे पुटपुटायची.

आज तिची तोंडी परीक्षा. सकाळी मला पुसताना मी मावशींच्या हातून निसटले. लाल गोळा आणि त्याच्या पुढचा निळा गोळा सुटला. परवाच चंचुपात्र फुटलं म्हणून मावशींनी बोलणी खाल्ली होती. त्यांनी घाईघाईने गोंद लावून गोळे बसवले, पण अदलाबदल झाली. लाल पुढे आला, निळा मागे गेला.

"कुणाला सांगू नकोस गं बाई," त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी माझ्या समोरच्या बाजूवर पेन्सिल टेकवली. "हे प्रतल कोणतं?"

हळूबाईने मान वर न करताच सांगितलं, "एक, शून्य, शून्य."

"अगं, लाल गोळा तर याच प्रतलात आहे, म्हणजे अंतर शून्य! मग हा एक आणलास कुठून? दुकानातून?"

तिने आत्ता कुठे मान वर करून लाल गोळा पाहिला. गोंद तेव्हा ओला होता. मी जरा सैल सोडलं असतं तर गोळा टेबलावर पडला असता आणि सगळ्यांना कळलं असतं. पण मोडकं सामान अडगळीत जातं. मी गोळा घट्ट धरून ठेवला.

"जा तू," परीक्षक म्हणाले.

ती गेली तशा दारातल्या मावशी पुढे आल्या. "साहेब, पोरीचं चुकलं नाही. ते माझ्या हातून पडलं होतं. गोळे मीच चिकटवलेत."

नोकरीची भीती असून त्या बोलल्या. मी मात्र गप्पच. आता मावशींनी मला जवळ ओढलंय, लाल गोळा चिमटीत धरलाय. गोंद वाळलाय, तरी या वेळी मी त्याला सोड—

"निघाला की गोळा! हळूबाई, ये गं परत! मावशी, आणा ती प्रतिकृती इकडे!"