डेल्मरने खाली ठेवलेली पेन्सिल

मित्रांनो, भिंतीला स्क्रूने बसवलेला, दांडा फिरवून पेन्सिलीला टोक काढणारा मी एक जुना शार्पनर आहे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या शाळेत मुलं माझ्यापुढे रांग लावत, तेव्हा मला फार मान होता. मग शाळा नव्या इमारतीत गेली आणि मी इथेच राहिलो.

या वर्गात नंतर शिक्षण सुटलेली मोठी माणसं येऊ लागली. पाच पेपर पास होऊन सुटले की बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र मिळे. त्यात चोपन्न वर्षांचा डेल्मर होता. सोळाव्या वर्षी तो याच वर्गातून उठून कोळशाच्या खाणीत उतरला होता. आता खाण बंद पडली होती. रुग्णालयाच्या बॉयलरवर नोकरी ठरली होती, पण वर्ष संपण्याआधी प्रमाणपत्र हवं होतं. चार पेपर सुटले, गणित राहिलं.

"आख्खा डोंगर पोखरलास आणि अपूर्णांकापाशी अडलास होय रे?" वर्गाला शिकवणाऱ्या लॉर्नाबाई चिडवत.

"बाई, डोंगर गप्प तरी बसायचा. हे आकडे उलट बोलतात!"

त्यातच नवा नियम आला. जानेवारीपासून परीक्षा कॉम्प्युटरवर होणार आणि ज्यांचे पाचही पेपर सुटले नसतील, त्यांचे जुने गुण रद्द.

डिसेंबरातली शेवटची परीक्षा याच वर्गात झाली. डेल्मरने माझ्याकडून दोन पेन्सिलींना टोक काढून घेतलं. शेजारी एकोणीस वर्षांची शेल्बी होती. तान्हं बाळ आईकडे ठेवून आलेली, तिचंही गणितच राहिलेलं.

अर्ध्या तासाने डेल्मरला खोकला लागला. खाणीची धूळ छातीत बसलेली, खोकला काही केल्या थांबेना. त्या आवाजात शेल्बीने एकच गणित तीनदा खोडलं. डेल्मरने तिच्याकडे पाहिलं, पेन्सिल खाली ठेवली आणि तो उठला.

"बाहेर गेलात तर तुमचा पेपर संपला," पर्यवेक्षक म्हणाले.

"ठाऊक आहे."

"डेल्मर, बसा ना," शेल्बी पुटपुटली.

"तू लिही पोरी. माझ्याकडे बघू नकोस."

जिन्यावरून त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

शेल्बी पास झाली. जानेवारीत डेल्मर आला, तेव्हा टेबलांवर कॉम्प्युटर मांडले होते. लॉर्नाबाईंनी मान खाली घालून सांगितलं, "पुन्हा पाचही द्यावे लागतील."

"एवढा दम उरला नाही बाई," तो म्हणाला. जाताना त्याने माझा दांडा उगाच फिरवला. आत पेन्सिल नव्हती. मार्चमध्ये तो वारला. शेल्बी प्रमाणपत्र दाखवायला आली होती, तिला ते इथेच कळलं. ती माझ्याजवळ भिंतीला टेकून उभी राहिली.

आता मला कोणी हात लावत नाही. माझ्या पोटात त्याच्या पेन्सिलींचा भुसा अजून आहे. मित्रांनो, मला तेलपाणी नका करू. पण कोणाची मेहनत पुसून टाकणारा नियम कधी तुमच्या हातून लिहिला जाणार असेल, तर पेन्सिल टेकवण्याआधी जिन्यावरचा तो खोकला ऐका.