बर्फचंद्रावरचं आवर्तन

सोनईच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या कानिफनाथ सरांनी एक खेळ तयार केला होता. लग्नपत्रिकांचे पुठ्ठे खळीने चिकटवून त्यावर काळं आकाश रंगवलं होतं. एका टोकाला बर्फाचा चंद्र आणि तिथून निघालेल्या वाटेवर एकामागे एक चार वसाहती. पहिली चंद्राच्या अगदी जवळ, चौथी पार शेवटी. माणसं पृथ्वी सोडून तिथे राहायला गेली आहेत, हवा आहे, ऊन आहे, फक्त पाणी नाही, अशी कल्पना.

खेळाची रीत सोपी होती. चिठ्ठी टाकून प्रत्येकाने एक वसाहत घ्यायची, आणि प्रत्येकाला इंधन म्हणून वीस गुंड्या. दर फेरीला बर्फचंद्रावरून एकाच वसाहतीला पुरेल इतकं पाणी निघायचं. सगळ्यांनी मुठीत हव्या तेवढ्या गुंड्या लपवायच्या आणि एकदम मुठी उघडायच्या. ज्याच्या गुंड्या जास्त, पाणी त्याचं. पण मुठीतल्या गुंड्या जळाल्या त्या जळाल्या, पाणी मिळो न मिळो. सहा वेळा पाणी मिळवून ज्याची बाग उभी राहील तो जिंकला. आपापसांत ठरवून खेळायला सक्त मनाई, हा नियम सरांनी लाल शाईने लिहिला होता. त्यांच्या मते सगळी गंमत त्या मुठीत होती. समोरच्याच्या मनात काय आहे ते कळता कामा नये.

१९९४ च्या हिवाळ्यात दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन-तीन डाव पडायचे. सरांचे जुने विद्यार्थी सहादेव आणि पुष्पावती यायचे. दोघांची शेती कालव्यातून निघालेल्या एकाच चारीवर, सहादेवची वरच्या बाजूला आणि पुष्पावतीची शेवटाला. चौथी खेळाडू पोस्टातली माधुरी, नगर शहरातून बदलून आलेली. पुण्याच्या राधाकृष्ण नावाच्या गृहस्थांचा खेळणी बनवायचा कारखाना होता. सरांनी धीर करून त्यांना पत्र टाकलं, आणि आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. महिनाअखेरच्या रविवारी स्वतः येऊन खेळून बघतो, पण खेळात फट असेल तर एका बैठकीत पकडीन, असं त्यात लिहिलं होतं. सरांनी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद विरला.

फट असल्याचं आधी माधुरीच्या लक्षात आलं. ती सरांना बाजूला घेऊन म्हणाली, की हे दोघं एकमेकांच्या आड कधीच येत नाहीत. एकाची मूठ भरलेली असली की दुसऱ्याची रिकामी. जिंकतात आलटून पालटून तेच, आणि आपण दोघं गुंड्या जाळत बसतो.

सरांच्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवसापासून त्यांचं खेळातलं लक्ष उडालं आणि माणसांकडे लागलं. सहादेव मूठ उघडण्याआधी खोकायचा. पुष्पावती मधूनच पदर सारखा करायची. एकदा तिने चहाचा कप डावीकडे ठेवला आणि त्याच फेरीला पाणी नेलं. सरांनी पुढच्या रविवारी चहा बंद केला. त्याच्या पुढच्या रविवारी दोघांना एकाच बाजूला बसवलं, म्हणजे एकमेकांचे चेहरे दिसायला नकोत. सहादेवला त्या दिवशी खोकला नव्हता. तरी पाणी गेलं ते त्यांच्याकडेच.

रात्री अंथरुणावर त्यांना वाटायचं, पोरं आपली चेष्टा करत असतील. म्हातारा पुठ्ठ्याचे चंद्र करतो म्हणून चारीवर बसून हसत असतील. मग वाटायचं, सहादेव असा नाही, आपल्याला आजारपणात दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. आणि मग वाटायचं, म्हणूनच तर आपल्याला त्याचा संशय येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असेल.

राधाकृष्ण यायच्या आदल्या रविवारी एकोणिसावा डाव संपला, पुष्पावती जिंकली. सर खाली पटाकडे बघतच म्हणाले, "तुमचं दोघांचं काय ठरलंय?"

सहादेवला आधी कळलंच नाही. मग माधुरीने खोकल्यापासून पदरापर्यंत सगळं बोलून दाखवलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"ठरवायचं काय त्यात?" तो म्हणाला. "आवर्तन सुटलं की पानी टेलकडनं, शेवटाकडनं सुरू व्हतं. आदी शेवटाची वसाहत, मग तिच्या वरची, मग तिच्याबी वरची. ज्याची पाळी न्हाई त्यानं कशाला गुंड्या जाळायच्या?"

"वरच्यानं आदी घेतलं तर खाली काय राहतंय, सर?" पुष्पावतीने विचारलं. तिचा हा प्रश्न खेळातला नव्हता.

"अहो, पण हे अंतराळात आहे," माधुरी म्हणाली.

"तिथं पाळी लावायला पाटकरी न्हाई म्हनून काय झालं?"

सरांनी आधीच्या डावांच्या नोंदींची वही काढली. फेरीमागून फेरी बोट फिरवत गेले. माधुरीची पाळी असेल त्या फेरीला या दोघांच्या मुठी रिकाम्या होत्या. सरांची पाळी असेल तेव्हाही. एका गुंडीत मिळालं असतं ते पाणी माधुरीने सहा सहा गुंड्या जाळून नेलं होतं, आणि सरांनीही. या दोघांनी चौघांसाठी पाणी वाटलं होतं. ज्यांना पाळी कळलीच नाही ते आपलं इंधन संपवून हरले होते.

एवढं दिसूनही सर म्हणाले, की पुढच्या रविवारी मात्र नियमाप्रमाणे खेळा, ते गृहस्थ फट पकडतील.

"बरं," सहादेव म्हणाला. "भांडून खेळतो." जाताना त्याने रोजच्यासारखा राम राम केला नाही.

राधाकृष्ण आले ते वेळेवर. सरांनी आपली जागा त्यांना दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. सहादेव आणि पुष्पावती खरंच भांडून खेळले. दर फेरीला चारी मुठी भरलेल्या. पाचव्या फेरीलाच पुष्पावतीचं इंधन संपलं, अर्ध्या तासात सगळ्यांचंच संपलं आणि एकाचीही बाग उभी राहिली नाही.

राधाकृष्णांनी चष्मा पुसला. "खेळ बिनचूक आहे," ते म्हणाले. "असे बिनचूक खेळ माझ्या गोदामात पडून आहेत." आणि पाच वाजताची गाडी आहे, असं म्हणून पिशवी जवळ ओढली.

लोकांसमोर बोलायची वेळ आली की सर नेहमीच बिचकायचे. वर्गातसुद्धा ते फळ्याकडे बघून शिकवायचे. पण ते उठले आणि आणखी एक डाव बघा म्हणाले. मग सहादेवकडे वळले. "नेहमीसारखं खेळा."

"नेहमीसारखं म्हंजे? चोरावानी?"

"चोर मीच ठरवलं तुम्हाला. चुकलो मी, सहादेव."

सहादेवने गुंड्या वीस वीस मोजून चौघांपुढे सरकवल्या.

पहिल्या फेरीला राधाकृष्णांनी पाच गुंड्या जाळून पाणी नेलं. शेवटची वसाहत पुष्पावतीची, तिच्या मुठीत एकच होती, सहादेवची मूठ रिकामी. दुसऱ्या फेरीला पाळी माधुरीची, बाकी पुन्हा तसंच. चौथ्या फेरीपर्यंत राधाकृष्णांकडे निम्म्याहून कमी गुंड्या उरल्या आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. पाचव्या फेरीआधी त्यांनी वाकून पटाखाली बघितलं. सहादेव खोकला, तर त्याच्याकडे रोखून बघत राहिले. माधुरीला आता पाळी ठाऊक होती. ती मान खाली घालून हसू आवरत होती.

"तुमचं काहीतरी ठरलेलं आहे," ते शेवटी म्हणाले.

"हाय की," पुष्पावती म्हणाली. "पन ते तुमी वळखायचं."

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी नोंदींची वही मिटून मांडीखाली सरकवली. राधाकृष्णांनी नियमांचा कागद ओढून घेतला, लाल शाईची ओळ दोनदा वाचली आणि कागद घडी घालून खिशात टाकला. हा खेळ आपण नेणार, पण ही ओळ पुन्हा लिहावी लागेल, म्हणाले. कशी, ते डाव संपल्यावर बघू.

माधुरीने गाडीची आठवण केली. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून त्यांनी मूठ पुढे धरली. चौघांनी पाचव्या फेरीच्या मुठी उघडल्या. पाळी फिरून शेवटाला आली होती, आणि पुष्पावतीच्या तळव्यावर एक गुंडी होती. गुंड्या शिल्लक असूनही राधाकृष्णांची मूठ पहिल्यांदाच रिकामी होती, आणि बरोबर ना, असं विचारल्यासारखे ते सहादेवच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.