नाव राखलं की झालं

शाल आणि नारळ घेऊन दिनेश गावात उतरला, तेव्हाच माझ्या तोंडात कडू पाणी जमलं. कंपनीचा माणूस. नागपूरहून एटापल्ली, तिथून आत सतरा किलोमीटर, तेही पांढरे बूट घालून. ग्रामसभेत माझा सत्कार करायचा म्हणे, आणि जाता जाता ‘चाहूल’ची नवी आवृत्ती घेऊन जायची.

‘चाहूल’ हे मी लिहिलेलं अ‍ॅप. भद्रावतीला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली मी, आता एटापल्लीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मोहाच्या दिवसांत इथल्या बायका पहाटे जंगलात फुलं वेचायला जातात, आणि वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ दिसत नाही. म्हणून ज्याला वाघ दिसेल त्याने फोनवर खूण करायची, की त्या बाजूच्या सगळ्यांचे फोन वाजतील. एवढंच. फुकट, आणि कोड सगळ्यांसाठी उघडा.

उघडा ठेवायचा तर त्याला परवाना जोडावा लागतो, म्हणजे घेणाऱ्याने काय करायचं आणि काय नाही ते लिहून द्यावं लागतं. तीन वर्षांपूर्वी मी तो पाच मिनिटांत निवडला. सगळ्यात छोटा, पानभर. वापरा, बदला, विका, फक्त मूळ करणाऱ्यांचं नाव राखा. दुसरा एक लांबलचक होता. त्यात घेणाऱ्याने काही सुधारणा करून अ‍ॅप पुढे दिलं, तर ज्याला दिलं त्याला सुधारलेला कोडही द्यावा लागतो. तो वाचायचा मी कंटाळा केला. शिवाय उदारपणा मिरवायचा होता. छोटा परवाना ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवला, तेव्हा दसरूभाऊ म्हणाले, “नाव राह्यते ना आपलं?”

“राहतं.”

“मंग झालं. लाव.”

ग्रामसभेत दसरूभाऊंचा शब्द शेवटचा असतो. आणि त्यांचं तरी काय चुकलं? या गावात मोहाच्या झाडाझाडाला घराण्याचं नाव आहे. पाटी नाही, कुंपण नाही. पण सोमारीबाईच्या झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असला तरी दुसरी बाई त्यातलं एक फूल उचलणार नाही. सोमारीबाई तापाने पडली तर शेजारीण वेचते आणि टोपलं तिच्या दारात नेऊन ठेवते. नाव म्हटलं की सगळं त्यात आलं, असं मानणारी माणसं. जगात असं नसतं हे त्यांना सांगायचं काम माझं होतं.

कंपनीने कोड उचलला आणि त्याला बोलायला शिकवलं. इथल्या बऱ्याच बायकांना वाचता येत नाही, नुसत्या टिंगटिंगवरून वाघ की हत्ती हे कळत नाही. सुधारणा चांगली होती, हे सांगताना आजही माझी जीभ जड होते. आवाज माडिया बोलणारा हवा होता, म्हणून सोमारीबाईला खुर्चीवर बसवून कागदावरचं एकेक वाक्य सांगितलं. तिने ते आपल्या बोलीत म्हटलं, हसत हसत. शेवटी एका कागदावर तिचा अंगठा घेतला. मग कोडाला कुलूप लागलं. अ‍ॅप गावोगाव गेलं, पहिलं वर्ष फुकट. आमच्या गावानेही माझं काढून तेच घातलं, आणि मला चक्क आनंद झाला. इतकी मी मूर्ख.

नाव मात्र राखलं बरं का! सेटिंगच्या पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

यंदा एप्रिलात एका पहाटे सोमारीबाई नाल्यापाशी पोचली आणि तिच्या कमरेचा फोन बोलला. तिच्याच आवाजात, हसऱ्या सुरात: ‘तुमची योजना संपली आहे. नवीन योजना घ्या.’ हे वाक्यही त्या कागदावर होतं. तेव्हा चाळीस पावलांवर वाघाने गावातल्या पोचूचा गोऱ्हा धरलेला. सोमारीबाई टोपलं तिथेच टाकून, पाठ न दाखवता, पाऊल पाऊल मागे सरत आली.

जीव वाचला. पण त्याच आठवड्यात आसपासच्या सगळ्या गावांचं वर्ष संपलं, आणि घराघरांत सोमारीबाईचा आवाज पैसे मागू लागला. कंपनी कोणी पाहिलेली नाही, सोमारीबाईला सगळे ओळखतात. बाजारात तिच्या नणंदेने सगळ्यांदेखत विचारलं, “काऊन वं, आता आमच्याकडूनच खातं का?” नाल्यापलीकडच्या गावी दिलेली तिची लेक रीना तेव्हापासून माहेरी आलेली नाही.

आणि हा दिनेश शालीची घडी उलगडत होता.

मधल्या महिन्यांत मी स्वतः बसून अ‍ॅपला बोलतं करणारा कोड लिहून काढला होता, हत्तींच्या वाटाही घातल्या होत्या. त्याच त्याला हव्या होत्या.

“परवाना जुनाच ना मॅडम?”

“नाही. या वेळी लांबवाला. तुम्हीही घ्या, विकासुद्धा. पण ज्याला द्याल त्याला तुमचा कोडही द्यायचा.”

“आमच्या लीगलला ते चालत नाही.”

“मग नका घेऊ.”

तो हसला. “जुनं तर आमच्याकडे आहेच. एकदा दिलेलं परत घेता येत नाही, मॅडम.”

खरं बोलत होता. सोमारीबाईने विचारलं, “माहा आवाज तरी काढून देशीन का?” त्याने फोनमधला तिच्या अंगठ्याच्या कागदाचा फोटो दाखवला. मला शिसारी आली. त्याची आलीच, पण त्याहून जास्त माझ्या त्या पाच मिनिटांची. शाल मी त्याच्या हातात परत कोंबली. नारळ त्याने स्वतःच पिशवीत ठेवला आणि निघून गेला.

“आता पुरा वाच,” दसरूभाऊ म्हणाले. वरातीमागून घोडं, पण मी वाचला. दुपार सरली. कलमाकलमावर त्यांनी मला थांबवलं. ‘कुलूप नाई लावाचं’ हे तर तीनदा वदवून घेतलं. मग सगळे हो म्हणाले.

मी फोन काढून सोमारीबाईसमोर धरला. “आता या अ‍ॅपसाठी बोला. हा आवाज कुणी कोंडणार नाही, तसं वेगळं लिहून देते.”

तिने मान हलवली. “नाई, बाई. माहा आवाज नोको.”

“का?”

“रीनाच्या गावी माहा आवाज आला का बाया फोन पालथा करतेत. सोता वाघ आला तरी आयकणार नाई.”

मग तीच उठली आणि शेजारच्या कमळाबाईला हाताला धरून घेऊन आली. कमळाबाई लाजाळू, फोनसमोर तिची वाचाच बसली. ‘थांबा, वाघ आहे, पुढे जाऊ नका’ एवढं म्हणायला संध्याकाळ झाली. ती अडली की सोमारीबाई तिच्या कानाशी वाकून पुढचा शब्द सांगायची, फोनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.