कुमेत हा रंग नाही

बुरुलला तोंड उघडायला बंदी होती. वीस वर्षं किर्गिझस्तानातल्या नारीनजवळच्या या बालवाडीत मुलांना वाढवलं, आणि आज स्वतःच्याच वर्गात ती कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प बसली होती. शहरातून तपासणीला आलेल्या मैरामबाई एकेका मुलाला समोर बसवून चित्रं दाखवत होत्या. चाचणीचे कागद शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलांसाठीचे होते, आणि समोर होती चार वर्षांची अक्मोर.

"हा कुठला रंग?" बाईंनी तपकिरी चौकोन पुढे केला.

"कुमेत."

"कुमेत हा रंग नाही. तो घोडा असतो. नीट सांग."

"आमचा घोडा याच रंगाचा आहे," अक्मोर म्हणाली. "आजोबांचा करडा आहे. शेजारच्यांचा अबलख."

बाईंनी फुली मारली. मग लिफ्टचं चित्र आलं. गावात दुमजली घर एकच, तेही सरकारी कचेरीचं. अक्मोरने बराच वेळ बघून सांगितलं, "माणसं ठेवायचं कपाट." दुसरी फुली. अर्धा तास झाला तशी पोर खुर्चीवर चुळबुळ करू लागली. मग नाव लिहायला पेन्सिल दिली, तर ती तिने मुठीत धरली.

"बोटांत धर! बोटांत!" बाई ओरडल्या. पेन्सिल खाली पडली आणि अक्मोर टेबलाखाली जाऊन बसली, ती बाहेर येईना.

बाई गेल्यावर मुख्याध्यापिका साकिन एजेंनी, म्हणजे साकिनताईंनी, कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: मंद. जिल्ह्याच्या गावी विशेष वर्गात पाठवावे.

"सही कर आणि मोकळी हो, बुरुल."

"मी नाही करणार. या पोरीला घोड्यांचे नऊ रंग येतात, एजे. तुम्हाला किती येतात?"

"माझ्याशी वाद घालू नकोस. कागद वरून आलेत."

"वरून आलेत म्हणून चार वर्षांच्या मुलाचे हात सहा वर्षांचे होतात का? पेन्सिल धरायची ताकद मातीत खेळून येते, कणीक मळून येते. ती येण्याआधीच आपण पोरांना नापास करतोय! लाज नाही वाटत?"

साकिन एजेंनी स्वतःच सही ठोकली. पण आईचीही सही लागत होती. संध्याकाळी आई मुलीला न्यायला आली, तेव्हा बुरुल फाटकातच उभी होती.

"बुरुल एजे, खरंच माझी पोर मंद आहे?" तिने विचारलं.

"मंद कागद आहे. तू सही करू नकोस. उद्या नेहमीसारखी पाठव तिला."

आईने सही केली नाही. अक्मोर वर्गात राहिली. बुरुलला लेखी ताकीद मिळाली, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी दारावर चिकटवली गेली. ताकिदीचं तिला काहीच वाटलं नाही. पण त्यानंतर महिनाभर कुणी कागद पुढे केला की अक्मोर दोन्ही हात पाठीमागे लपवायची, आणि दर वेळी ते बघून बुरुलची कानशिलं तापायची.