टाकीचं झाकण

विमान विकायचं ठरलं तेव्हा तिने मनाशी एकच अट घातली होती: घेणाऱ्याने शेडमध्ये उभं राहून बाबांचे गोडवे गाऊ नयेत. घेणारा दातांचा डॉक्टर निघाला. बोलायला बेताचा, आणि विमान सोडून त्याला कशातच रस नव्हता. तिला हायसं वाटलं.

ते दोन माणसांचं विमान बाबांनी घरामागे स्वतः बांधलं होतं. ती शाळेत होती तेव्हा पहिला पत्रा कापला आणि तिला नोकरी लागली तेव्हा ते उडालं. "सवत पत्र्याची आहे, एवढंच समाधान," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचं इंजिन हवेत बंद पडलं. बाबांनी ते नुकत्याच कापणी झालेल्या एका शेतात उतरवलं, साधा ओरखडाही न येऊ देता.

संध्याकाळी घरी आल्यावर हात धुता धुता ते म्हणाले होते, "अगं, आज काय गंमत झाली, सांगू?"

ती गंमत तिला दुपारीच कुणीतरी फोनवर सांगितली होती. "एक शब्द बोलू नका," ती म्हणाली. "पुन्हा उडणार नाही, एवढंच म्हणा."

बाबा बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले. "नाही उडणार," ते म्हणाले, आणि शब्द पाळला. दर रविवारी शेडमध्ये जायचे, विमानाच्या नाकावरचा पंखा हाताने दोन-चार वेळा फिरवायचे आणि परत यायचे. गेल्या महिन्यात खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा कपाळावर तसाच होता.

"एक विचारू?" डॉक्टर विमानाभोवती फेरी मारून आला. "इंजिन का बंद पडलं होतं?"

हा प्रश्न पकडकाकांसाठी होता. पकडकाका म्हणजे बाबांचे मित्र, निवृत्त पोस्टमास्तर. खिशात कायम पकड असायची म्हणून हे नाव पडलं. त्यांचंही एक विमान पलीकडच्या शेडमध्ये कित्येक वर्षं 'होत आलंय' असं होतं.

"नाही कळलं. इंजिन दोनदा खोललं आम्ही. काडीचा दोष नाही."

"मग पंचाईत आहे. कारण कळल्याशिवाय मी नाही घेणार. म्हणजे, मी घेईन हो. बायको उडू देणार नाही."

ती जमिनीकडे बघू लागली.

"हिच्या बाबाने सांगितलं असतं तर कळलं असतं," काका म्हणाले. या हौशी विमानवाल्यांचा एक रिवाज होता. ज्याच्यावर हवेत प्रसंग ओढवला, त्याने पुढच्या रविवारी पंख्यावर हात ठेवून तो सगळ्यांसमोर सांगायचा. काय बिघडलं, कुणाचं चुकलं, काहीही न लपवता. मग ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. शेवटचा प्रश्न ठरलेला: पुन्हा वेळ आली तर काय वेगळं कराल? पण हे सगळं आधी घरी सांगायचं. घरच्यांना ते बाहेरून कळता कामा नये. "आम्ही विचारलं की म्हणायचा, घरी सांगून व्हायचंय अजून. दोन वर्षं तेच."

डॉक्टर एव्हाना पंखावर वाकला होता. "ही झाकणं वेगळी आहेत."

इंधनाच्या टाकीच्या झाकणावर तांब्याची एक बारीक नळी होती, छत्रीच्या मुठीसारखी वाकवलेली. काका चढून बघू लागले. "ही हवेसाठी. इंधन खाली जातं तशी वरून हवा आत यायला लागते, नाहीतर इंजिनाला थेंब मिळत नाही. पण आधी नुसतं भोक होतं. ही नळी कधी लावली याने?"

जुनी झाकणं कपाटात बिस्किटांच्या डब्यात सापडली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. काकांनी एक उजेडासमोर धरलं. भोकातून उजेड येत नव्हता. त्यांनी नखाने खरवडलं तसं काहीतरी वाळकं, गुलाबी निघालं.

तिने ते लगेच ओळखलं. मोटारीचं पॉलिश. बाबांच्या साठाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्यांना न सांगता, तिने अख्खं विमान घासून लखलखीत केलं होतं. झाकणांवर तर बोटाने दाबून दाबून चोळलं होतं. बाबा आले, भोवती फिरले. "झाकणंसुद्धा? अगं, आता हे उडायचं नाही, लग्नाला जायचं." आणि त्या चकाकीच्या कौतुकापायीच दुसऱ्या दिवशी सकाळी उडाले होते. इंजिन बंद पडलं ती हीच सकाळ.

"पॉलिश," काका म्हणाले. "पण तो तर कधीच लावायचा नाही. म्हणायचा, चकाकीलाही वजन असतं." त्यांची नजर तिच्याकडे गेली आणि ते घाईघाईने डब्याचं झाकण शोधू लागले.

"मग लावलं कुणी?" डॉक्टरने विचारलं.

"आधी घरी," काका पुटपुटले. कुणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आई पलंगावर बाबांच्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिने झाकण आईसमोर ठेवलं. आईने ते हातातही घेतलं नाही.

"सापडलं होय. मी म्हटलं होतं, फेकून द्या."

"तुला माहीत होतं?"

"त्याच रात्री सांगितलं त्यांनी. शेतात उतरून झाकण फिरवलं तर टाकीने म्हणे सुस्कारा टाकला. मग इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. पोरीला कळू द्यायचं नाही म्हणाले, जन्मभर उराशी धरून बसेल."

"पण मला सांगायला लागले होते ना. गंमत म्हणून."

"शेतातल्या गाईची गंमत होती ती. विमानाला चाटत उभी राहिली होती. पॉलिशचं नसते बोलले."

तिने एक शर्ट उचलला आणि घडी न घालताच परत ठेवला. "आणि मी त्यांचं उडणं बंद केलं तेव्हा?"

"तेव्हा मी म्हटलं, अहो, आता तरी सांगा. तर म्हणाले, माझं उडून झालंय." आईने कॉलर सरळ केली. "खोटं बोलत होते. कधी जमलं नाही त्यांना ते."

ती परतली तेव्हा दोघे शेडमध्येच होते. डॉक्टरच्या हातात थंड झालेला चहा होता. तिने पंख्यावर हात ठेवला. पात्यावर एका ठिकाणी रंग पुसट झाला होता, दर रविवारी बाबांचा पंजा पडायचा तिथे. तिने आपला हात थोडा बाजूला घेतला.

तिने सांगितलं. पॉलिश, झाकण, टॉवेल, सगळं. काकांनी मध्ये अडवलं नाही. डॉक्टरने मात्र विचारलं, रिवाजच तसा होता. "भोक दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं. वाटलं, गंजाचा डाग आहे. म्हणून तिथे जास्त चोळलं."

मग काकांनी घसा साफ केला. शेवटचा प्रश्न विचारल्याशिवाय सुटका नव्हती, त्यांची आणि तिचीही.

"पुन्हा वेळ आली, तर काय वेगळं करशील?"

डॉक्टरला वाटलं, ती झाकणाबद्दल सांगेल.

"त्यांचे हात पुसून होईपर्यंत गप्प बसेन," ती म्हणाली.