नोव्हेंबरातला दयाळ

बोगादीत आमच्या गच्चीवर माझा ध्वनिमुद्रक दोन वर्षे रोज पहाटेपासून न चुकता ऐकत आला आहे. मी पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यासक. आणि घरात माझी ख्याती अशी, की प्रणेशला मीठ हवे असले तरी तो मागत नाही, अळणीच जेवतो.

दयाळ मार्चमध्ये गाऊ लागतो आणि पावसाळा स्थिरावला की गप्प होतो. ऋतुमानाने गाणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या मेंदूतला गाण्याचा भाग हंगामात वाढतो, हंगाम सरला की आक्रसतो. त्यांतले काही प्रौढपणीही नव्या लकेरी शिकतात, जुन्या टाकून देतात. विसरण्याची सोय देहातच असलेल्या या जिवांचा मला नेहमी हेवा वाटत आला.

म्हणूनच यंदा नोव्हेंबरात शेजारच्या फणसावरून पाच स्वरांची स्वच्छ लकेर मुद्रित झाली, तेव्हा मी ती तीनदा ऐकली आणि दुर्बीण घेऊन गच्चीवर धावलो. फांदीवर आमचाच दयाळ होता. लकेर त्याचीच, पण किंचित खालच्या पट्टीत, शेवटी एक नवी मुरकी. मूक ऋतूत शिकणारा प्रौढ नर! मी निबंध लिहिला. शिष्यवृत्तीची मुदतवाढ त्याच्यावरच अवलंबून होती. माझ्या मार्गदर्शक पावनी मॅडम म्हणाल्या, "सगळं छान आहे, प्रणेश. फक्त गाताना चोच उघडलेली दिसू दे. सोमवारपर्यंत."

त्यासाठी शेजारच्या आवारात जायला हवे होते. मधली भिंत चार फुटांची. ती ओलांडायला मला तीन दिवस लागले.

फणसाखाली निवृत्त हेडमास्तर गुंडुराव खांद्यावर पंचा टाकून उभे होते. वर दयाळ, चोच मिटून, मान तिरकी करून. गुंडुरावांनी ओठ आवळले आणि पाच स्वर सोडले. शेवटी ती मुरकी.

कॅमेरा माझ्या हातात तसाच राहिला.

"अय्यो, आलास की रे!" ते म्हणाले. "रोज वरून माईक लावतोस. मी इंदिरेला म्हटलं, बघ, आपलं गाणं टेप होतंय. तेव्हापासून नीट म्हणतो."

"आणि ही... शेवटची मुरकी?"

"ती कवळीची. नवी बसवल्यापासून हवा सुटते." ते हसले. "उन्हाळ्यात यानंच शिकवलं मला. आता हा सुम्मने बसतो, गप्प. विसरला तर? म्हणून मीच गाऊन दाखवतो. बहात्तराव्या वर्षी शिष्य झालो, एवढी गुरुदक्षिणा नको?"

"मला वाटलं, पक्षीच..."

"मग विचारायचंस की! हाक मारली असतीस तर मी काय चोच मारणार होतो?"

आतून त्यांच्या पत्नी इंदिराबाई म्हणाल्या, "कोण, गच्चीवरचा प्रणेश? बोलतो तो?"

कॉफी फणसाखालीच आली. मॅडमना ईमेल करीन, असे मी पुटपुटलो. गुंडुरावांनी माझ्या खिशाकडे बोट दाखवले. "फोन कर. आत्ता."

"मॅडम," मी म्हणालो, "तो पक्षी नाही. शेजारी आहेत."

पलीकडून मॅडमनी विचारले, "प्रौढ नर तर आहेत ना?"

निबंध मी मागे घेतला. मुदतवाढ गेली.

संध्याकाळी सवयीने त्या दिवसाची फीत ऐकली. पाच स्वरांनंतर, पिल्लू पहिल्यांदा गळा आजमावते तशी, कुणाची तरी अडखळती, तुटक कुजबुज होती. तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा, आणि मग 'मला वाटलं, पक्षीच...' मी वेळ नोंदवली, सात वाजून दहा. हंगामाच्या रकान्यात नेहमीप्रमाणे लिहिले: मूक.